पाडव्याला गाव तीस वर्षांचं होणार

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

शेतातून आला असाल, भाकरी थापत ऐकत असाल, तर हात चालू द्या आणि कान इकडं द्या. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याचं किंवा वहीखात्याचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे आमच्या गावाच्या वाढदिवसाविषयी.

गावाला कुठं वाढदिवस असतो, असं तुम्ही म्हणाल. बहुतेक गावांची पांढरी कधी वसली ते कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या गावाचं तसं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं जुनी जागा सोडून पूर्णपणे नव्या जागेवर वसवली गेली. त्यातलंच आमचं एक. जुनी पांढरी दीड कोसावर आहे. तिथं आता वेड्या बाभळी माजल्यात, चार पडक्या भिंती आहेत आणि मारुतीचा ओटा आहे. नव्या गावात लोक १९९७ साली राहायला आले. म्हणजे येत्या पाडव्याला गाव तीस वर्षांचं होईल.

हा दिवस साजरा करायचा असं ठरलं आणि तिथूनच भांडण सुरू झालं. ते भांडण कसं झालं, त्यातून काय निघालं आणि काय अजून अडलं आहे, ते सांगायला आम्ही आलो आहोत. कारण तुमच्याही गावात रौप्यमहोत्सव, वर्धापन दिन, मंदिराचा जीर्णोद्धार असे कार्यक्रम होतात आणि त्यात बायांच्या वाट्याला रांगोळी, ओवाळणी आणि पोळ्या लाटणं एवढंच येतं.

पहिली बैठक मारुतीच्या पारावर झाली. अकरा जणांची समिती झाली. अकराच्या अकरा पुरुष. ठराव काय झाले? तारीख ३० सप्टेंबर. मोठा पाहुणा बोलवायचा, त्याच्या सोयीनं तारीख पुढं-मागं करायची. रात्री डीजे. बचत गटाच्या महिलांनी एका रंगाच्या साड्या नेसून पाहुण्यांचं औक्षण करायचं. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर कळलं.

साडीचं आम्हाला काही वाटलं नाही. पण ३० सप्टेंबर? १९९३ सालची ३० सप्टेंबर, पहाटेची तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून, नाचून दमून माणसं झोपली होती. जुन्या गावातली घरं दगड-मातीची, दोन-दोन हात रुंद भिंतींची आणि वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद अंगावर आलं. सगळ्या भागात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या दिवशी डीजे लावायचा?

आमच्या गटात एक मावशी आहेत. आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांची दोन लेकरं त्या पहाटे गेली. गटाच्या बैठकीत त्या कधी फारसं बोलत नाहीत, अंगठा सोडून सही शिकल्या तेव्हाच काय त्या हसल्या होत्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "वाढदिवस करा की बायांनो, पण माझ्या लेकरांच्या दिवशी नको. आणि तुम्ही केला तर मी त्या दिवशी लेकीकडं निघून जाईन." एवढं बोलून त्या उठून गेल्या. बैठक तिथंच संपली. हप्ते गोळा करायचे राहिले.

आमच्यातल्या बऱ्याच जणी त्या वेळी परकऱ्या पोरी होत्या, कुणी कडेवर होत्या, कुणी जन्मल्याही नव्हत्या. आम्ही या गावात सुना होऊन आलो ते नव्याच गावात. आम्हाला इथले सरळ रस्ते आणि एकसारखी घरं हेच गाव वाटतं. सासवांना तसं वाटत नाही. त्या अजून म्हणतात, "गावात होतो तवा असं होतं," आणि गाव म्हणजे जुनं गाव. म्हणून आम्ही ठरवलं की आधी तारीख शोधायची. गाव नक्की कधी वसलं, हे ज्यांनी वसवलं त्यांनाच विचारायचं.

शंभर पानी वही घेतली आणि रोज संध्याकाळी चार घरं करायची असं ठरवलं. एक विचारणारी, एक लिहिणारी. पुरुषांना विचारलं तर त्यांनी घराच्या चाव्या वाटल्या तो दिवस सांगितला. कुणी मंत्री आले होते, मंडप होता, भाषणं झाली. कागदावरची तारीख तीच आहे. पण बाया म्हणाल्या, चाव्या मिळाल्या म्हणून काय राहायला आलो का? नळाला पाणी नव्हतं. पत्र्याच्या शेडमधून सामान हलवायला बैलगाड्या मोकळ्या नव्हत्या. आणि मोठी गोष्ट म्हणजे भीती. डोक्यावर स्लॅब घेऊन झोपायची कुणाची हिंमत होत नव्हती. कित्येक घरांत भांडी आत आणि माणसं अंगणात, असे महिने गेले. एक आजी म्हणाल्या, "मी तर पहिला पावसाळा दाराशी बाज टाकून काढला. पाय आत, डोकं भाईर."

मग घर कधी झालं? पंधरा-वीस जणींनी वेगवेगळ्या घरी एकच उत्तर दिलं: पाडव्याला. पत्र्याच्या शेडवर गुढ्या उभारायच्या कंटाळलो होतो, त्या वर्षी ठरवलं की गुढी नव्या दारात उभारायची आणि पुरण नव्या चुलीवर शिजवायचं. तो १९९७ चा पाडवा. कुणी सरकारनं दिलेला नाही, कुणी पुढाऱ्यानं ठरवलेला नाही. बायांनी चूल पेटवली तो दिवस.

तारीख सापडली. पण वहीत दुसरंही काही सापडत गेलं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

आमच्या ग्रामपंचायतीसमोर भूकंपात गेलेल्यांच्या नावांचा फलक आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला त्याला हार घालतात. म्हाताऱ्या बायांशी बोलताना आम्ही जुन्या गावाचा नकाशा वहीत काढायला लागलो. त्यांची आठवण घरांच्या ओळीनं चालते. वेशीतून आत या, उजव्या हाताला कुणाचा वाडा, पलीकडं कुणाचं खोपट, मग आड, मग चावडी. एकेक घर आलं की त्या घरातली माणसं आपोआप तोंडात येत. कोण वाचलं, कोण गेलं. अशी नावं लिहिता लिहिता आमच्या लक्षात आलं की काही नावं फलकावर नाहीतच.

आम्ही तीनदा पडताळून पाहिलं. वहीत तेवीस नावं जास्त भरली. यादी रेशनकार्डावरून झाली होती असं जुनी माणसं सांगतात. ज्याचं नाव कार्डावर नाही, ते फलकावर नाही. तेवीसपैकी चौदा लहान लेकरं होती. काहींचं बारसंसुद्धा झालं नव्हतं. दोघं नवरा-बायको बाहेरगावाहून सालानं कामाला आलेले होते, मालकाच्या गोठ्यालगत राहायचे. आणि सात माहेरवाशिणी होत्या.

माहेरवाशिणींचं ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. भाद्रपदाचा महिना. आपल्याकडं महालक्ष्म्यांना लेकी माहेरी येतात. त्या आल्या होत्या. गणपती बुडवून जाऊ, म्हणून राहिल्या होत्या. इथल्या यादीत त्यांचं नाव नाही, कारण त्या सासरच्या. सासरच्या गावी यादी झालीच नाही, कारण तिथं कुणी गेलं नव्हतं. दोन्ही गावांच्या मधल्या मध्ये सात जणी राहून गेल्या. आम्हीही सगळ्या कुणाच्या तरी माहेरवाशिणी आहोत, त्यामुळं हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आता पुढं काय केलं ते नीट ऐका, कारण हे तुमच्याही कामाला येईल.

आम्ही पारावर भांडायला गेलो नाही. नियमाप्रमाणं ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते आणि तिथं झालेले ठराव ग्रामसभेपुढं ठेवायचे असतात. बऱ्याच गावांत महिला सभा नुसती सह्यांपुरती होते. वही घरोघर फिरते आणि आपण सही करतो. या वेळी आम्ही ग्रामसेवकांना सांगितलं की सभा खरी घ्या, आम्ही येतो. गावात सात गट आहेत. प्रत्येक गटातून दहा जणी आणायच्या असं ठरवलं आणि चौसष्ट जणी आल्या. चार ठराव मांडले. एक, वर्धापन दिन पाडव्याला. दोन, समितीत निम्म्या महिला. तीन, राहिलेली नावं फलकावर घ्यायची. चार, सगळा हिशोब कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा. ठराव तोंडी ठेवू नका, बायांनो. इतिवृत्तात लिहून घ्या, वाचून घ्या आणि मग सही करा. आमच्या वेळी तिसरा ठराव लिहायचा "राहून" गेला होता. वाचून घेतलं म्हणून सापडला.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाडव्याचा ठराव लगेच मंजूर झाला. खरं तर पुरुषांनाही ३० सप्टेंबर बरी वाटत नव्हती, पण पहिलं कोण बोलणार? समितीत निम्म्या महिला मिळाल्या नाहीत. पंधरा जणांत पाच घेतल्या. आम्ही ते आत्ता मान्य केलं आहे. नावांवरून मात्र बराच वेळ गेला. एक म्हणाले, उगाच जुनं कशाला उकरायचं. एकांना भीती की नाव लागलं की कुणी मदतीचा दावा करेल. आम्ही सांगितलं, तेहतीस वर्षांनी कोण पैसे मागायला येतंय? माणूस होतं एवढं तरी लिहा. शेवटी माजी पोलीस पाटील उठले. वय ऐंशीच्या पुढं. ते म्हणाले की त्या सातांतली एक माझी पुतणी आहे आणि मी इतकी वर्षं त्या फलकापुढं उभा राहतोय. त्यानंतर कुणी विरोध केला नाही.

पण नावं लिहायची तर घरच्यांना विचारूनच, हे आम्ही आमच्यावर बंधन घातलं. चार जणी प्रत्येक घरी गेलो. ज्या लेकरांना नाव नव्हतं त्यांचं काय लिहायचं? आयांनीच सांगितलं. आईचं नाव लिहा, पुढं बाळ लिहा, वय लिहा. एकीनं दिवससुद्धा मोजून सांगितले, एकोणीस दिवस. एका घरानं नको म्हटलं. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. म्हणून फलकावर बावीस नावं येतील. सात माहेरवाशिणींपैकी पाच जणींच्या सासरी आम्ही फोन केले, दोन ठिकाणी स्वतः गेलो. एका ठिकाणी तिचा मुलगा भेटला. त्या रात्री तो दोन वर्षांचा होता आणि आजीजवळ सासरच्या गावीच राहिला होता. तो पाडव्याला येणार आहे.

आता कार्यक्रमाचं. सकाळी सात वाजता प्रत्येक दारात गुढी. आठ वाजता जुन्या गावाहून नव्या गावापर्यंत दिंडी. ती मुद्दाम तिथून काढायची, कारण तीस वर्षांखालच्या पोरांतल्या निम्म्यांनी जुनी पांढरी पाहिलेली नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी दोन ट्रॅक्टर. दहा वाजता फलकाचं अनावरण गावच्या लेकींच्या हातून. मावशींनी एक अट घातली आहे. त्या म्हणाल्या, "पाडव्याला नावं वाचू नका. सणाच्या दिवशी रडायचं नाही. नुसती फुलं वाहा. नावं ३० तारखेला वाचा, जुन्या गावात." ते आम्ही मानलं. दोन दिवस वेगळे राहतील. एक दुःखाचा, एक वसण्याचा.

त्यानंतर माहेरवाशिणींचा मेळावा. गावातून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकींना पत्र जाईल. त्याचबरोबर भूकंपानंतर शिकायला बाहेर गेलेली मुलंही बोलवायची आहेत. तेव्हा भारतीय जैन संघटनेनं या भागातली हजाराहून जास्त मुलं पुण्याला शिकायला नेली होती. आमच्याही गावातली काही त्यात होती. ती आता चाळिशीत आहेत. त्यांचे पत्ते शोधणं हे एका गटाचं काम आहे.

दुपारी जेवण. पुरणपोळी एवढ्या माणसांना जमायची नाही, म्हणून गव्हाची खीर, म्हणजे आपली हुग्गी, भात आणि आमटी. एक गोष्ट पक्की ठरली आहे. स्वयंपाक बाया एकट्या करणार नाहीत. भात आणि आमटी तरुण मंडळाकडं. वाढायचं काम गडीमाणसांकडं. पहिली पंगत बायांची आणि म्हाताऱ्यांची.

जेवणानंतर एक तास शाळेच्या पोरांसाठी. आमची पोरं विचारतात, आपल्या घराला मधूनच सिमेंटची पट्टी का आहे? खिडकी-दाराच्या वरून चारी भिंतींना बांधून घेणारी ती पट्टी भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून आहे. आता घरं अपुरी पडतात. तेव्हा जमिनीवरून घरं वाटली होती. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. अडीचशे फुटांत आता तीन पिढ्या कशा मावणार? म्हणून जो तो खोल्या वाढवतोय. पण वाढवलेल्या खोलीला पट्टी नाही, जुन्या भिंतीला जोड नाही, आणि वर दगड ठेवलेले पत्रे. तीस वर्षांत आपण विसरायला लागलो. म्हणून एक गवंडी आणि एक अभियंता बोलावून हे सगळ्यांसमोर सांगायचं, आणि हादरा बसला तर कसं बाहेर पडायचं, मोकळ्या जागेत कुठं जमायचं याची तालीम घ्यायची. भाषणं कमी झाली तरी चालतील, हे राहायला नको.

आता पैसा. हे नीट लिहून घ्या. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. सणासाठी गटातून कर्जही द्यायचं नाही. घरटी २०० रुपये वर्गणी. गावात ३१० घरं आहेत, म्हणजे ६२ हजार. जी घरं देऊ शकत नाहीत त्यांनी एक दिवस काम करायचं, आणि त्यांचं नाव पावतीपुस्तकात तसंच लिहायचं. गहू आणि तांदूळ ज्याच्या त्याच्या घरून. खर्च असा धरला आहे: जेवणाचा बाकी किराणा आणि सरपण २८ हजार, मंडप आणि माईक १२ हजार, फलक १४ हजार, पत्रं आणि छपाई ४ हजार, अडीअडचणीला ४ हजार. प्रत्येक पैशाला पावती. वर्गणी घ्यायला दोघी किंवा दोघं जाणार, एकटं कुणी नाही. पैसे त्याच दिवशी खजिनदाराकडं आणि आठवड्यानं बँकेत. हे आपण गटात रोज करतो. गावाला फक्त दाखवायचं आहे की हे असंही करता येतं.

डीजेचा खर्च यात नाही. तरुण मंडळाचं म्हणणं आहे की तो आम्ही वेगळा गोळा करू. त्यावर अजून मिटलेलं नाही. आम्ही सुचवलं आहे की रात्री भजन आणि भारूड ठेवा, गावात दोन भजनी मंडळं आहेत, एक बायांचंच आहे. पोरं म्हणतात, आमचाही वाढदिवस आहे ना, आम्ही इथंच जन्मलो. त्यांचं तेही खरं आहे. बहुतेक दहा वाजेपर्यंत हलगी आणि लेझीम यावर तडजोड होईल असं दिसतं.

आणि मावशी? या ३० सप्टेंबरला आम्ही पहिल्यांदा जुन्या गावात जमलो. मारुतीच्या ओट्यावर बसून वहीतली नावं गल्लीगल्लीनं वाचली. मावशी आल्या होत्या. त्यांच्या लेकरांची नावं आली तेव्हा त्यांनी वाचणारीला थांबवलं. आम्हाला वाटलं, आता त्यांना सहन होत नाही. त्या म्हणाल्या, "धाकटीचं नाव चुकीचं लिहिलंय तुम्ही. वेलांटी पहिली आहे." मग स्वतः पेन घेऊन वहीत दुरुस्त केलं. पाडव्याला येणार का, असं आम्ही विचारलं नाही. परवा त्यांनीच विचारलं की हुग्गीला गहू किती लागतील.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात असा काही कार्यक्रम ठरत असेल तर समितीला तीन प्रश्न विचारा. हा दिवस कुणी ठरवला? यात कुणाचं नाव राहिलं आहे? हिशोब कधी आणि कुठं लावणार? आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं वही घेऊन बसा. कार्यक्रम होवो न होवो, ते काम आधी करा, कारण त्यांची वयं झाली आहेत.

पाडव्याच्या कार्यक्रमानंतर हिशोब फळ्यावर लागला की आम्ही पुन्हा येऊ आणि काय जमलं, काय फसलं ते सांगू. या ५२ गावांतली कुणी माहेरवाशीण ऐकत असेल तर तिनं आपल्या माहेरच्या फलकावरची नावं एकदा वाचून पाहावीत.